मोतमाउलीची यात्रा आणि पूर्ण दंडमाफी: आधी काय, नंतर काय

बांद्र्याच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरी चर्चच्या, जत्रेहून परतलेल्या माणसाला विचारा, ‘दंडमाफी मिळवली का?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘हो, मेणबत्ती लावली, तीन तास रांगेत उभे होतो, माउलीच्या पायाला हात लावला.’ यातल्या एकाही गोष्टीचा पूर्ण दंडमाफीशी, म्हणजे इंडल्जन्सशी, थेट संबंध नाही. ज्या चार-पाच गोष्टींचा संबंध आहे, त्यातल्या दोन घरून निघण्याआधीच व्हायला हव्या होत्या. बसचं भाडं, जेवणाचे डबे, एकसारखे टी-शर्ट यांची तयारी महिनाभर चालते आणि कन्फेशन, म्हणजे फादरांसमोर पापांची कबुली, मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातं. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. वसई, मुंबई, नाशिक, पुणे, कुठूनही निघणार असाल तरी क्रम हाच. उदाहरण बांद्र्याच्या मोतमाउलीचं घेतलं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो.

आधी एवढं समजून घ्या

कन्फेशनमध्ये पापाची क्षमा मिळते. ती पूर्ण असते, अर्धवट नसते. पण पापाने जे बिघडवलं ते क्षमेबरोबर आपोआप नीट होत नाही. भावाच्या हिश्श्याची जमीन एखाद्याने परस्पर विकली, पुढे पाया पडून माफी मागितली आणि भावाने ती मनापासून दिली, असं समजा. तरी दोन घरांतलं बोलणं अवघडलेलंच राहतं, आणि ज्या हावेने ती जमीन विकायला लावली ती हाव एका माफीने मरत नाही. हे जे उरतं, त्याच्या शुद्धीला चर्च ‘ऐहिक दंड’ म्हणतं. ही शुद्धी या जन्मी प्रार्थनेने, त्यागाने, दुःख सोसून होते, नाहीतर मरणानंतर शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेत. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या पुण्याईच्या ठेव्यातून चर्च हा उरलेला दंड माफ करतं, ती दंडमाफी. सगळा दंड माफ झाला तर पूर्ण, काही भाग माफ झाला तर आंशिक.

यातून दोन गोष्टी सरळ निघतात. दंडमाफीने पापाची क्षमा होत नाही, ती आधी कन्फेशनमध्येच व्हावी लागते. आणि दंडमाफीने देणं फिटत नाही. भावाचे पैसे द्यायचे असतील तर यात्रेनंतरही द्यायचेच आहेत.

जुन्या प्रार्थनापुस्तकांत ‘३०० दिवसांची दंडमाफी’ असं छापलेलं दिसतं. पोप सहावे पॉल यांनी १ जानेवारी १९६७ रोजी हे नियम बदलले आणि दिवस-वर्षांची मोजणी बंद केली. आजीच्या पुस्तकातली प्रार्थना म्हणायला हरकत नाही, आकडे मात्र विसरा.

टप्पा १: कोणासाठी मिळवायची ते ठरवा

दंडमाफी स्वतःसाठी मिळवता येते किंवा मृत व्यक्तीसाठी अर्पण करता येते. दुसऱ्या जिवंत माणसासाठी मिळवता येत नाही. हा नियम ऐकून सर्वात जास्त आया खट्टू होतात, कारण बहुतेक जणी दारू पिणाऱ्या मुलासाठी किंवा चर्चला न जाणाऱ्या नवऱ्यासाठीच टेकडी चढत असतात. त्यांच्यासाठी नवस करा, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) करा, यातलं काहीही वाया जात नाही. फक्त दंडमाफी त्यांच्या नावे लागत नाही. ज्याची त्याने मिळवायची.

मिळवणारा माणूस बाप्तिस्मा झालेला हवा, चर्चमधून बहिष्कृत केलेला नसावा, आणि ठरवून दिलेलं शेवटचं कृत्य पूर्ण होताना तरी कृपावस्थेत असावा, म्हणजे कन्फेशन न केलेलं मोठं पाप त्याच्यावर नसावं. शिवाय दंडमाफी मिळवण्याचा हेतू मनात हवा. तो दर वेळी मोठ्याने सांगावा लागत नाही, पण यात्रेच्या दिवशी सकाळी उठल्यावर मनाशी एकदा म्हणून टाकलेलं बरं: ‘आजची दंडमाफी माझ्यासाठी’ किंवा ‘बाबांच्या आत्म्यासाठी’. दिवसभराच्या गडबडीत हेच विसरलं जातं.

लग्न चर्चमध्ये न झाल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने कम्युनियन (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) घेता येत नसेल, तर यात्रा रद्द करू नका. आधी आपल्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांना भेटा. अशी प्रकरणं वेगवेगळी असतात आणि शेजारणीच्या सल्ल्याने सुटत नाहीत.

टप्पा २: ठिकाण आणि दिवस जुळवा

कुठल्याही चर्चमध्ये कुठल्याही दिवशी गेलं की पूर्ण दंडमाफी, असं नसतं. ठिकाणाला आणि दिवसाला नियम आहेत.

मोतमाउलीचं चर्च ही लघु बासिलिका, म्हणजे पोपने खास मान दिलेलं चर्च आहे, हा दर्जा तिला १९५४ मध्ये मिळाला. लघु बासिलिकेला श्रद्धेने भेट दिल्याबद्दलची पूर्ण दंडमाफी या दिवशी मिळते: २९ जूनला, पेत्र आणि पौल यांच्या सणाला, २ ऑगस्टला, ज्या नावाने बासिलिका उभी आहे त्या सणाला, आणि वर्षातून एकदा, तुम्ही स्वतः निवडाल त्या कोणत्याही दिवशी.

शेवटची सवलत फार थोड्या लोकांना माहीत आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. आई-वडील म्हातारे असतील, गुडघे दुखत असतील, गर्दीत जीव घाबरा होत असेल, तर जत्रेच्या रविवारी टेकडी चढायलाच हवी असं काही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एखादा साधा मंगळवार निवडा. चर्चमध्ये बसायला जागा मिळते, मिस्सा ऐकू येते, आणि माउलीसमोर दहा मिनिटं कोणी ‘पुढे चला, पुढे चला’ म्हणत नाही.

सणालाच जायचं असेल तर दोन बारकावे लक्षात ठेवा. मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरचा, पण बांद्र्याची जत्रा त्या दिवशी किंवा त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. सण रीतसर रविवारी हलवून साजरा होतो तेव्हा त्याला जोडलेली दंडमाफीही त्या रविवारी जाते. मात्र ती सणाच्या दिवसाची असते, जत्रेच्या आठही दिवसांची नसते. बुधवारी जाणार असाल तर तो तुमचा ‘वर्षातून एकदा’चा निवडलेला दिवस ठरवा, म्हणजे प्रश्नच मिटला.

दुसरा बारकावा वेळेचा. ठरावीक दिवशीची चर्चभेट आदल्या दिवशी दुपारी बारापासून त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत कधीही चालते. म्हणजे रविवारच्या सणासाठी शनिवारी दुपारनंतरची भेट मोजली जाते. गर्दी टाळायला हा नियम पुरेसा आहे.

गोवा, वेलांकणी आणि इतर ठिकाणं. जुन्या गोव्याची बॉम जेझू १९४६ पासून लघु बासिलिका आहे, वेलांकणी १९६२ पासून. वर सांगितलेले नियम दोन्हीकडे तेच. वेलांकणीचा सणही ८ सप्टेंबरलाच, आणि २९ ऑगस्टला ध्वज चढल्यापासून तिथे पाय ठेवायला जागा नसते. गोव्याच्या बाबतीत एक गफलत होते. ३ डिसेंबरला लोक सायबाच्या फेस्ताला जातात. सण संत फ्रान्सिस झेवियरचा आहे, पण बासिलिका बाळ येशूच्या नावाने आहे, त्यामुळे तो दिवस आपोआप ‘नावाचा सण’ ठरत नाही. तिथेही आपला वार्षिक दिवस म्हणून ३ डिसेंबर निवडा, किंवा नोव्हेनाचा एखादा दिवस. परिणाम तोच.

बिशपांनी रीतसर मान्य केलेल्या तीर्थस्थानांना आणखी एक सवलत आहे: गटाने यात्रा काढून गेलात तर त्या प्रत्येक गटयात्रेत पूर्ण दंडमाफी मिळू शकते. हरेगावची मतमाउली असो, नाशिकरोडचं बाळ येशूचं स्थान असो, की आपल्या तालुक्यातली टेकडीवरची ग्रोटो (मरियेच्या मूर्तीची गुहा), त्या स्थानाला अशी मान्यता आहे का हे तिथल्या फादरांना फोन करून विचारा. ‘तिथे खूप लोक जातात’ ही मान्यता नव्हे.

प्रवास शक्यच नसेल तर २ ऑगस्टला आपल्या धर्मग्रामाच्या चर्चमध्ये जा, किंवा चर्चच्या नावाच्या सणाला. वसईकरांना पापडीचं कॅथिड्रल (बिशपांचं मुख्य चर्च) आहेच, तिथे २२ फेब्रुवारी आणि ९ नोव्हेंबर हे दिवसही चालतात. २ ऑगस्टची दंडमाफी मूळची असिसीच्या छोट्या चर्चची, ती आता प्रत्येक धर्मग्रामाला लागू आहे. बिशप सोयीसाठी तो दिवस बदलू शकतात, म्हणून आधीच्या रविवारच्या सूचना नीट ऐका.

> तपासा: २०२५ची जुबिली, म्हणजे चर्चचं विशेष पवित्र वर्ष, संपली. त्या वर्षीच्या ‘पवित्र दारां’चे मेसेज अजून फिरतात. विशेष वर्षाची दंडमाफी व्हॅटिकनच्या अपोस्टोलिक पेनिटेन्शरीच्या (दंडमाफीचं काम पाहणाऱ्या कार्यालयाच्या) आदेशाने मिळते आणि त्याला शेवटची तारीख असते. आपल्या धर्मप्रांताच्या सूचनेत आली नसेल तर फॉरवर्ड करू नका.

टप्पा ३: कन्फेशन, आणि तेही घरच्या चर्चमध्ये

कन्फेशन त्याच दिवशी व्हावं अशी अट नाही. पेनिटेन्शरीने २००० सालच्या जुबिलीत स्पष्ट केलं आहे की साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर चालतं. म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आपल्या चर्चमध्ये केलेलं कन्फेशन सप्टेंबरच्या जत्रेला पुरतं. मधल्या काळात मोठं पाप घडलं तर मात्र पुन्हा करावं लागेल, कारण कम्युनियन घ्यायचं आहे आणि कृपावस्था हवी आहे.

मग जत्रेतच का नको? करू नका असं नाही. पण तिथली परिस्थिती डोळ्यासमोर आणा. बाहेर लाउडस्पीकर, मागे वीस माणसं, कडेवर पोर, बस साडेबाराला सुटणार म्हणून सतत वाजणारा फोन. आतले फादर सकाळपासून बसलेले. अशा वेळी माणूस ‘खोटं बोललो, रागावलो, रविवारची मिस्सा चुकली’ एवढं उरकून उठतो. जे सांगायला आला होता ते तसंच राहतं.

घरी करायची तयारी:

१. आदल्या रात्री अर्धा तास बसा. दहा आज्ञा एकेक करून बघा. वही घेतलीत तरी चालेल, नंतर फाडून टाका.
२. मागचं कन्फेशन कधी झालं ते आठवा. वर्षं झाली असतील तर तसंच सांगा, कोणीही ओरडत नाही.
३. मोठी पापं प्रकार आणि साधारण संख्येसह सांगा. ‘कधीकधी’ हा शब्द टाळा.
४. आपली पापं सांगा, सासूची नाही. पार्श्वभूमी दोन वाक्यांत, त्याहून जास्त नको.
५. फादर जे प्रायश्चित्त देतील ते शक्यतो चर्चमधून बाहेर पडण्याआधी पूर्ण करा.

एक कन्फेशन अनेक पूर्ण दंडमाफींना पुरतं. कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठीची प्रार्थना मात्र प्रत्येक दंडमाफीसाठी वेगळी लागते. पुढे नोव्हेंबरमध्ये हा फरक फार उपयोगी पडतो.

टप्पा ४: पापाची ओढ सोडणं

सगळ्या अटींमध्ये हीच खरी अवघड, आणि हिच्याबद्दलच कोणी बोलत नाही. पूर्ण दंडमाफीसाठी प्रत्येक पापाबद्दलची ओढ सुटलेली हवी, लहानात लहान पापाबद्दलचीही. ती नसेल, किंवा इतर कुठली अट अपुरी राहिली, तर मिळते ती आंशिक दंडमाफी. यात्रा फुकट जात नाही, पण पूर्णही होत नाही.

इथे लोक दोन टोकांना जातात. काही म्हणतात, हे कोणालाच जमणार नाही, मग कशाला प्रयत्न करा. काही म्हणतात, कन्फेशन झालं म्हणजे झालंच. दोन्ही चूक. पुन्हा कधीच पाप होणार नाही अशी हमी कोणी मागत नाही. संध्याकाळी चिडणार आहात हे तुम्हाला सकाळीच माहीत असतं. प्रश्न एवढाच, की एखादं पाप तुम्ही मुद्दाम राखून ठेवलं आहे का?

राखून ठेवलेलं पाप बहुधा ओळखीचं असतं. काकांच्या घरच्यांशी बोलणं बंद आहे आणि ‘पहिला शब्द त्यांनी काढायचा’ असं ठरलेलं आहे. लग्नात हळदीला प्यायची हे आधीच ठरलं आहे. दुकानाच्या बिलातली थोडी लबाडी ‘सगळेच करतात’ म्हणून पापात धरलीच नाही. यात्रेच्या आधीच्या आठवड्यात अशी एकच गोष्ट शोधा आणि तिच्याबद्दल काहीतरी प्रत्यक्ष करा. काकांना फोन लावा. उचलला नाही तरी तुमच्या बाजूने दार उघडलं गेलं. अंधेरी ते बांद्रा अनवाणी चालण्यापेक्षा हा फोन जड जातो, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे.

> सावधान: ‘माझी ओढ पूर्ण सुटली की नाही’ याचा रात्रंदिवस कीस काढू नका. मनापासून इच्छा धरा, देवाकडे मागा आणि पुढे चला. ज्यांचं मन मुळातच शंकेखोर आहे त्यांनी हा विषय कन्फेशनमध्ये बोलावा, गूगलवर शोधू नये.

टप्पा ५: निघण्याच्या दिवशी

कम्युनियनच्या एक तास आधीपासून खाणं-पिणं बंद ठेवायचं असतं. पाणी आणि औषध चालतं. वयस्कर, आजारी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना ही अट लागू नाही. गटाच्या बसमध्ये हा नियम हमखास मोडतो, कारण नाश्त्याची पिशवी नेमकी माहीमच्या सिग्नलला उघडते. संयोजकाने आधीच सांगून ठेवावं: मिस्सा दहाची असेल तर वडे साडेआठच्या आत संपवा. च्युइंगम आणि खोकल्याची गोळी म्हणून चघळलेली पेपरमिंटही त्यात आली.

सकाळी आपल्या चर्चमध्ये मिस्सा ऐकून कम्युनियन घेऊन निघालात, तर त्या दिवसापुरती ती अट पूर्ण झाली. बांद्र्याला दुसऱ्यांदा कम्युनियन घ्यायचंच असेल तर पूर्ण मिस्सेत सहभागी होऊनच घेता येतं, मध्येच रांगेत शिरून नाही.

सोबत काय घ्यावं:

- मृत नातलगांच्या नावांचा कागद
- ‘विश्वासांगीकार’ (ख्रिस्ती श्रद्धा सांगणारी प्रार्थना) मराठीत छापलेलं कार्ड, कारण मिस्सेत सगळ्यांबरोबर येतो आणि एकट्याने म्हणताना अर्ध्यावर अडतो
- जपमाळ, छत्री, पाण्याची बाटली
- सहज काढता येतील अशा चपला आणि त्यांच्यासाठी एक पिशवी

जत्रेच्या दिवसांत वांद्रे स्टेशनहून बेस्टच्या जादा गाड्या सुटतात. स्वतःची गाडी नेली तर पार्किंग शोधण्यात मिस्सा हुकते. लोकलने या, बेस्टने वर जा.

टप्पा ६: टेकडीवर पोचल्यावर

इथला क्रम बहुतेक जण उलटा करतात. पायथ्याशी मेणबत्त्यांचे ठेले दिसतात, मेणाचे हात, पाय, बाळ, घर, अगदी मेणाचं विमानही, आणि पहिला अर्धा तास तिथेच जातो. मग दर्शनाची रांग. मग भूक. मिस्सा मागच्या दारातून अर्धी.

असं करा:

१. आधी थेट चर्चमध्ये जा. जागा मिळेल तिथे बसा, नाही मिळाली तर खांबाला टेकून उभे राहा. श्वास शांत होऊ द्या.

२. हेतू एकदा मनात आणा. कोणासाठी, ते ठरलेलं आहेच.

३. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि विश्वासांगीकार म्हणा. चर्चभेटीच्या दंडमाफीतलं हे ठरवून दिलेलं कृत्य आहे. प्रार्थना गटात म्हटली तरी चालते: एकाने म्हणावी, बाकीच्यांनी आळीपाळीने किंवा मनातल्या मनात साथ द्यावी.

४. मिस्सा आणि कम्युनियन.

५. पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना. इथे अर्थाचा घोळ होतो. पोपच्या तब्येतीसाठीची ही प्रार्थना नाही. पोप संपूर्ण चर्चसाठी आणि जगासाठी ज्या गोष्टी देवाकडे मागतात, त्यांत आपला आवाज मिसळायचा. एक ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि एक ‘नमो मरिया’ पुरेसं आहे. मनाप्रमाणे दुसरी कुठलीही प्रार्थना चालते. पोपचे त्या महिन्याचे हेतू माहीत नसले तरी काही बिघडत नाही.

६. आता मेणबत्ती, नवस, दर्शनाची रांग, समोरच्या पायऱ्यांवरून फातिमामातेची मूर्ती, ठेल्यावरचे चणे आणि कडक बुंदी. सगळं निवांत करा.

३ आणि ५ मध्ये ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ दोनदा येतं म्हणून एक गाळू नका. पहिलं भेटीचं, दुसरं पोपच्या हेतूंचं.

मेणाचं बाळ वाहणं ही नवसाची, मनातलं मागणं माउलीसमोर ठेवण्याची रीत आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त पाचशेची मेणबत्ती लावली म्हणून जास्त दंडमाफी आणि दहाची लावली म्हणून कमी, असं नसतं. दंडमाफीला किंमत नाही, तशी मागण्याचा कोणाला अधिकारही नाही. दानपेटीत टाकलेले पैसे दान, मिस्सेसाठी दिलेले मिस्सेचे. ‘एवढी रक्कम भरा, दंडमाफीचं सर्टिफिकेट मिळेल’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा आणि आपल्या फादरांना कळवा. काही ठिकाणी यात्रेची आठवण म्हणून छापील प्रमाणपत्र देतात. ते फ्रेम करा, पण ते दंडमाफीची पावती नव्हे.

> तपासा: बसमध्ये परत चढण्याआधी संयोजकाने मोठ्याने विचारावं, ‘पोपसाठीची प्रार्थना राहिली कोणाची?’ राहिली असेल तर तिथेच बसमध्ये एकत्र म्हणा. ती आणि कम्युनियन शक्यतो त्याच दिवशी व्हावीत.

ज्यांना जाताच येत नाही

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘तू पुढच्या वर्षी’ असं सांगायची गरज नाही. खरी अडचण असेल तर कन्फेशन ऐकणारे फादर ठरवलेल्या कृत्याच्या किंवा अटीच्या जागी दुसरं काही सांगू शकतात. ते स्वतःच ठरवू नका, फादरांना विचारा. त्यांना घरी बोलावण्याचा फायदा हा की कन्फेशन आणि कम्युनियन दोन्ही एका भेटीत होतं. टीव्हीवरची मिस्सा मनाला आधार देते, पण त्यात कम्युनियन होत नाही, हे घरच्यांनी समजून घ्यावं.

शिवाय टेकडी न चढता रोज करता येण्यासारखंही आहे. कुटुंबाने एकत्र म्हटलेली पूर्ण रोझरी (जपमाळेची प्रार्थना), अर्धा तास बायबलवाचन, पवित्र साक्रामेंटासमोर (चर्चमध्ये ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर) अर्ध्या तासाची आराधना, चर्चमधली क्रूसाची वाट (ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या टप्प्यांची प्रार्थना). नेहमीच्या अटी पाळल्या तर यातल्या प्रत्येकाला पूर्ण दंडमाफी जोडलेली आहे. अर्थात दिवसाला एकच. सकाळी आराधना आणि संध्याकाळी रोझरी केली म्हणून दोन मिळत नाहीत.

नोव्हेंबरचे आठ दिवस

जत्रेला ज्यांनी दंडमाफी स्वतःसाठी मिळवली आणि घरच्या मृतांसाठी काही राहिलं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीत जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली, मनातल्या मनात जरी केली, तरी रोज एक पूर्ण दंडमाफी मिळते. ती फक्त शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठीच. २ नोव्हेंबरला चर्चमध्ये जाऊन ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ आणि विश्वासांगीकार म्हटला तरीही मिळते, पण त्याच दिवशी दफनभूमीची वेगळी मिळत नाही.

आखणी अशी करा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एक कन्फेशन. मग आठ दिवस रोजची मिस्सा, कम्युनियन, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि दफनभूमीत दोन मिनिटं. बहुतेक जुन्या चर्चांची दफनभूमी आवारातच असते, सकाळच्या मिस्सेनंतर वाकडी वाट करावी लागत नाही. आठ दिवस, आठ नावं. आजोबा, आजी, अकाली गेलेला धाकटा भाऊ, ज्याचं नाव घेणारं आता कोणी उरलं नाही असा एखादा शेजारी. कागदावर तारखेसमोर नाव लिहून ठेवा, कारण तिसऱ्या दिवसानंतर कोणाचं झालं आणि कोणाचं राहिलं ते आठवत नाही. एखाद्या दिवशी नोकरीमुळे मिस्सा चुकली आणि त्या दंडमाफीसाठीचं कम्युनियन राहूनच गेलं तर त्या दिवसाची पूर्ण न मिळता आंशिक मिळेल, दुसऱ्या दिवशी पुढच्या नावापासून सुरू करा.

‘मिळाली की नाही हे कळणार कसं?’ असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. कळत नाही. अटी पाळायच्या, बाकी देवावर सोडायचं, आणि शंका राहिली असेल तर उद्या पुन्हा करता येतं.